मुले, संग्रहालये आणि घरचे रुमाल
(महाड व पोलादपूर प्रांतातील उन्हाळी सहलींविषयी)

त्रैमासिकाच्या वाचकांस प्रस्तुत विषय प्रथमदर्शनी अस्थानी वाटण्याचा संभव आहे. या पानांत सनदांची वाचने, शकावल्यांचा मेळ आणि बखरींची चिकित्सा यावयाची. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांस घेऊन कोठे जावे, ही चर्चा वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत शोभेल, असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचेही मत असेच होते. ते का पालटले हे सांगण्याकरिताच हा लेख लिहीत आहो.

पोलादपूर तालुक्यातील एका गावी आम्ही पूर्वी जुन्या कागदांच्या शोधार्थ गेलो होतो. घरचे वृद्ध यजमान मोठे अगत्यशील. त्यांनी माळ्यावरून तांबड्या फडक्यात बांधलेला रुमाल काढून आमच्यापुढे ठेवला. वतनाचे दोन महजर, एक निवाडपत्र आणि कित्येक हिशेबी फर्द, असा ऐवज होता. आम्ही टिपणे केली व पुन्हा येण्याचे वचन देऊन निघालो. पुन्हा जाणे झाले ते पुष्कळ वर्षांनी. वृद्ध यजमान निवर्तले होते. त्यांच्या चिरंजिवांनी आमचे स्वागत केले आणि रुमालाची गोष्ट निघताच ते सहजपणे म्हणाले, "तो होय? मोडी कागद, कोणाला वाचता येईनात. आबांच्या अस्थींबरोबर सावित्रीत सोडला."

या गृहस्थांस दोष देणे आम्हांस जड जाते. त्यांनी कागद जाळले नाहीत, रद्दीवाल्यास विकले नाहीत; उलट श्रद्धेने, पवित्र वस्तू म्हणून त्यांचे विसर्जन केले. परंतु बोलता बोलता आम्हांस आठवले की, पहिल्या खेपेस रुमाल उघडला तेव्हा दहाबारा वर्षांचा एक मुलगा ओटीच्या उंबऱ्याशी येऊन डोकावत होता, आणि "पोरा, लांब हो, कागदांस हात लावू नकोस" असे त्यास आम्हीच दटावले होते. तोच हा. त्या दिवशी त्यास जवळ बसवून एक शिक्का दाखविला असता, एक ओळ वाचून दाखविली असती, तर ते महजर आज कदाचित त्या घरात असते.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून कागद मिळविणे, नकलणे व छापणे या तिन्ही कामी आपल्या लोकांनी अपार श्रम केले. परंतु कागद ज्या घरी आहेत तेथेच राहिले तर त्यांचे पुढे काय होणार, हे संशोधकाच्या हाती नसते. ते त्या घरात आज खेळत असलेल्या मुलाच्या हाती असते. महाड प्रांती तर ही गोष्ट विशेष खरी. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या महापुरात महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. अशा प्रसंगी मनुष्य माणसे वाचवितो, मग अन्नधान्य, मग जमल्यास भांडी. कागद वाचविण्याचे कोणास सुचावयाचे असेल तर ते आधीच माडीवर ठेवलेले असले पाहिजेत. आणि ते माडीवर नेऊन ठेवावे असे वाटण्यास त्यांत काय आहे हे घरातील एकास तरी ठाऊक असले पाहिजे.

यास्तव अलीकडे आम्ही उन्हाळ्यात नातवंडे व शेजारची मुले अशी पाचसहा जणांची टोळी घेऊन एकेक दिवसाच्या सहली करीत असतो. त्या अनुभवातील काही गोष्टी येथे नमूद करतो.

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत मोठे, कपाटांनी भरलेले वस्तुसंग्रहालय नाही. महाड शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे राष्ट्रीय स्मारक आहे, आणि रायगडाच्या रज्जुमार्गाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीस, लहानसा संग्रह आहे. परंतु ज्या वस्तू अन्यत्र काचेआड ठेवाव्या लागतात त्यांतील कित्येक येथे आपापल्या जागी उभ्या आहेत. म्हणून आम्ही प्रत्येक सहलीची जोडी लावतो: जागा येथे पाहावयाची आणि तिच्याशी संबंध असलेली वस्तू, जमेल तेव्हा, पुणे, सातारा अथवा मुंबई येथे. नुसते संग्रहालय दाखविले तर मुले अर्ध्या घटकेत कंटाळतात. नुसता किल्ला दाखविला तर धावतात, पडतात आणि घरी येऊन झोपतात. दोन्हींचा सांधा जुळला म्हणजे मात्र ती प्रश्न विचारू लागतात.

आरंभ आम्ही गांधारपाल्याच्या लेण्यांपासून करतो. महाडपासून सुमारे ३ किलोमीटरांवर, मुंबई–गोवे रस्त्याच्या अगदी कडेस हा डोंगर आहे. लहान मुलांसही चढ झेपतो. सकाळी लौकर गेल्यास ऊन लागत नाही. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ही बौद्ध लेणी. त्यांत एक ब्राह्मी शिलालेख आहे, तो काणभोज कुळातील कुमार विष्णुपालित याच्या दानाचा. लेणे, चैत्यगृह, ओवऱ्या, पाण्याच्या टाक्या आणि वाट, एवढे दान त्यात सांगितले आहे. हा लेख मुलांस वाचून दाखविण्याची रीत आम्ही सोडून दिली. तीऐवजी त्यांस कागदावर ब्राह्मीतील चारच अक्षरे काढून देतो: क हा अधिक चिन्हासारखा, ठ म्हणजे वाटोळे वर्तुळ, ग म्हणजे उलट्या व्ही आकाराचे छप्पर, आणि र म्हणजे उभी रेघ. या लेखाच्या काळी क व र यांचे दांडे खाली लांबून किंचित वळलेले असतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मग पाऊण तास आमच्याकडे कोणी पाहत नाही. ज्यास आधी क सापडेल त्याची आरोळी साऱ्या डोंगरास ऐकू जाते. त्यानंतर दानातील बाबी एकेक करून सांगावयाच्या आणि त्या जागेवर शोधावयास लावावयाच्या: टाक्या कोठे, ओवऱ्या किती, वाट कोणती असेल. दानपत्रातील यादी व प्रत्यक्ष जागा यांचा असा ताळा पाहणे म्हणजे आपण सनदेतील चतुःसीमा शेतावर जाऊन पाहतो त्याहून निराळे काय आहे? मुलांस त्याचे नाव ठाऊक नसते, इतकेच.

एक सूचना मात्र कडक असावी. अक्षरे उठून दिसावी म्हणून त्यांत खडू भरणे, पाणी ओतणे, किंवा घासणे हे प्रकार मोठी माणसेही करतात. ते मुलांसमोर तर कदापि करू नयेत. सकाळचे तिरपे ऊन पडले असता अक्षरे आपोआप उठतात. तोवर बसून राहावे. मुलांस वाट पाहावयास शिकविण्यास यापरते निमित्त मिळावयाचे नाही.

तेथून परतताना चवदार तळे. या तळ्याचा इतिहास मुलांस शाळेत शिकवितात. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी व सहस्रावधी लोकांनी तेथील पाणी घेतले हे त्यांस पाठ असते. परंतु आमच्या वाचकांस शोभेल असा त्यातील भाग सहसा कोणी सांगत नाही, तो कागदपत्रांचा. १९२३ साली मुंबई कायदेकौन्सिलात रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर पाणी तीन वर्षे खुले होते, तळ्यावर नव्हते. सत्याग्रहानंतर दावा लागला. वादींचे म्हणणे असे की, अस्पृश्यांस मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे. दावा चढत चढत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला की, रूढीचे हे अनादित्व वादींस सिद्ध करता आले नाही.

हा निकाल आम्ही तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मुलांस सांगितला तेव्हा एक नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "म्हणजे त्यांच्याजवळ जुना कागद नव्हता?" आम्ही म्हटले, "तसेच काहीसे." ती पुढे म्हणाली, "आणि असता तर?" या प्रश्नास तत्काळ देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. जुना कागद म्हणजे न्याय्य कागद नव्हे, हे जुन्या कागदांत आयुष्य घालविणाऱ्यांनी अधूनमधून आठवावे हे बरे. आम्ही तिला इतकेच सांगितले की, न्यायालयाने फक्त पुरावा पाहिला. पाणी कोणाचे, हा निवाडा त्या आधीच तळ्यावर आलेल्या लोकांनी केला होता.

रायगडाविषयी विस्तार नको. महाडपासून सुमारे २५ किलोमीटरांवर तो आहे आणि वाचकांपैकी बहुतेकांनी तो एकापेक्षा अधिक वेळा पाहिलेला असेल. मुले बरोबर असता मात्र क्रम बदलावा असे आम्ही सुचवू. वैशाखातील दुपारी गडावर सावली नाही. म्हणून पहाटे निघून, लहान मुले असल्यास रज्जुमार्गाने, सकाळी आठनवापर्यंत माथ्यावर असावे, आणि उन्हे तापण्यापूर्वी उतरून पाचाडास यावे. पाचाडास जिजाबाईंचा वाडा व समाधी आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि जिजाबाईंचे निधन १७ जूनचे, हे अकरा दिवसांचे अंतर मुलांस तारखांच्या तक्त्यात कळत नाही; गडाच्या माथ्यावरून खाली पाचाड दाखवून मग तेथेच नेले म्हणजे कळते. वाड्यातील तक्क्याची विहीर दाखवावी. बाजारपेठ, नगारखाना, जगदीश्वराचे देऊळ ही मुलांस आपोआप आवडतात. देवळाच्या पायरीवर हिरोजीच्या नावाचा जो लहानसा लेख आहे तो मात्र थांबून दाखवावा. एवढा गड बांधविणाऱ्याने आपले नाव पायदळी यावे अशा जागी कोरविले, याचे मुलांस फार नवल वाटते. आणि वाड्यांच्या जोत्यांवर उभे राहून १८१८ च्या मे महिन्यातील गोष्ट सांगावी. इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली आणि राजवाडे जळाले. "मग कागदसुद्धा जळले असतील," असे कोणीतरी मूल म्हणतेच. त्याची वाट पाहावी, आपण आधी सांगू नये.

रायगडाची जोडी आम्ही नाण्यांशी लावतो, आणि येथे संग्राहक वाचकांस थोडे थांबावयास सांगतो. तांब्याची शिवराई ज्याच्या संग्रही नाही असा नाणेसंग्राहक आपल्याकडे विरळाच. तिच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. परंतु ठसा मोठा व चकती लहान, शिवाय ठोकताना हात हललेला, त्यामुळे पूर्ण अक्षरे एका नाण्यावर क्वचितच सापडतात. आम्ही घरातील झिजलेल्या सहा शिवराया मुलांच्या पुढ्यात टाकल्या आणि एवढेच सांगितले की, या सर्वांवर एकच मजकूर आहे, तो काढा. एकीवर 'छत्र' होते, दुसरीवर नुसते 'पति', तिसरीवर खालचा दांडा. मुलांनी प्रत्येक नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासून ठसे उमटविले, ते कापले, सरकविले, आणि पाऊण तासात 'छत्रपति' हा शब्द जुळविला. एका प्रतीत तुटलेला मजकूर दुसऱ्या प्रतीवरून भरून काढणे, हीच आपल्या पाठचिकित्सेची सारी विद्या आहे. ती दहा वर्षांच्या मुलास सहा तांब्याच्या तुकड्यांवर शिकविता येते, याची आम्हांस पूर्वी कल्पना नव्हती. ज्यांच्या कपाटांत अशी झिजकी नाणी 'कनिष्ठ प्रत' म्हणून पडून आहेत त्यांनी ती मुलांच्या हाती द्यावीत. उत्तम प्रतीची देऊ नयेत. त्यांवर सर्व अक्षरे असल्यामुळे मुलांस करावयास काहीच उरत नाही!

शिवथरघळीस उन्हाळ्यात धबधब्याची धार बारीक झालेली असते, म्हणून पुष्कळ लोक पावसाळ्यातच जातात. मुलांच्या दृष्टीने उन्हाळाच बरा. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी कागदपत्रांच्या आधारे शोध घेत १९३० साली ही घळ पुढे आणली. स्थलनिश्चितीविषयी मतभेद आहेत, ते या ठिकाणी उकरीत नाही. कागदावरून जागा शोधता येते, एवढे मुलांस तेथे सांगावे. वाटेवर बिरवाडीकडे वाळण कोंडीचे डोह आहेत. वरदायिनीचे म्हणून तेथील मोठाले मासे कोणी मारीत नाही. त्यांचा इतिहाससंशोधनाशी काडीचा संबंध नाही, परंतु चुरमुरे टाकून ते मासे पाहिल्यावाचून आमची टोळी पुढे हलत नाही, आणि आम्हीही आता विरोध करीत नाही.

पोलादपूरची सहल आमच्या मते सर्वांत फलदायी. त्या गावी कवींद्र परमानंदांची समाधी आहे. 'शिवभारत' या संस्कृत काव्याचा हा कर्ता. हे काव्य सदाशिव महादेव दिवेकर यांनी संपादून १९२७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याची पोथी मिळाली ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. आम्ही समाधीपाशी जमिनीवर नकाशा पसरतो, एक खडा पोलादपुरावर ठेवतो, एक तंजावरावर. कवी येथे निजला आहे आणि त्याचा ग्रंथ तेथे राहिला. मधल्या मुलुखात कोणीतरी तो नकलला, जपला, वाहून नेला. असे किती हात लागले असतील याचा तर्क मुले करीत बसतात. एकाने उंट सांगितला, एकाने जहाज. तर्क चुकले तरी चिंता नाही. ग्रंथ आपल्या पायांनी चालत नाही, हे त्यांस उमगले म्हणजे आमचे काम झाले.

जवळच उमरठ, सुभेदार तानाजी मालुसऱ्यांची समाधी तेथे आहे. येथे येणाऱ्या प्रत्येक मुलास घोरपडीची कथा पाठ असते. ती पोवाड्यातील आहे हे आम्ही हळूच सांगतो. पोवाडा खोटा असे म्हणू नये. पोवाडा निराळ्या जातीचे साधन आहे असे म्हणावे. त्याहून अवघड प्रसंग सिंहाच्या वचनाचा. सिंह गेल्यामुळे ४ फेब्रुवारी १६७० नंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले असे सर्वत्र सांगतात, परंतु १६६३ सालच्या शिवकालीन पत्रात सिंहगड हे नाव आधीच आलेले आहे. हे सांगितले तेव्हा एक मुलगा एकदम गप्प झाला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आजोबा, मग तानाजी सिंह नव्हते का?" समाधीसमोर उभे राहून विचारलेला हा प्रश्न आम्हांस सभेतल्या कोणत्याही आक्षेपाहून कठीण वाटला. आम्ही त्यास म्हटले, "बाळ, नाव आधीचे असले म्हणून मरण लहान होत नाही. मुलाचे लग्न टाकून गेलेला मनुष्य कड्यावर पडला, त्याला नावाची गरज नाही." आणि मागाहून ध्यानात आले की, लग्नाची गोष्टही आपण परंपरेतूनच उचलून सांगितली! चिकित्सा शिकविणाऱ्याने स्वतः किती सावध असावे लागते याची ही एक आठवण.

पोलादपुराहून आंबेनळी घाटाने वर गेले की वाडा कुंभरोशीवरून प्रतापगडास वाट फुटते. गड सातारा जिल्ह्यात, पण चढण आपल्या दारातली. १० नोव्हेंबर १६५९ चा प्रसंग, अफजलखानाची कबर, भवानीचे देऊळ, १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला अश्वारूढ पुतळा हे सर्व एका सकाळीत होते. याची जोडी वाघनखांशी. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे उसनवार आणून २०२४ च्या जुलैपासून काही महिने साताऱ्याच्या शासकीय संग्रहालयात ठेविली होती. त्या वेळी लोकांची रीघ लागली. आम्हीही मुलांस नेले होते. वाटेत मोठ्या माणसांत कडाक्याचा वाद चालला होता की, ही तीच की नव्हेत. मुलांस त्या वादात ओढण्यापेक्षा आम्ही त्यांस पुराव्याकडे वळविले.

या वाघनखांबरोबर एक पेटी आहे व तिजवर इंग्रजी मजकूर आहे. त्याचा आशय असा की, शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीस मारिले ते हे वाघनख, आणि जेम्स ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असता पेशव्यांच्या प्रधानाने ते त्यास दिले. ग्रँट डफ साताऱ्यास होता तो १८१८ ते १८२२ या काळात. आता मुलांस विचारावे: खान कोणाचा सरदार? आदिलशहाचा, विजापूरचा. मग पेटीवर मोगल का? ही पहिली चूक दहा वर्षांचे मूलही काढते. दुसरा प्रश्न थोडा वरचा: १८१८ साली पेशवाई बुडाली, साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह बसले, मग पेशव्यांचा प्रधान साताऱ्याच्या रेसिडेंटास नजर देतो तो कोणत्या नात्याने? तिसरा: १६५९ पासून तोवर सुमारे १६० वर्षे ते कोठे होते, यास कागद कोणता? लंडनच्या संग्रहालयानेही हेच वाघनख त्या प्रसंगी वापरले असे खात्रीने सांगता येत नाही, असे स्पष्ट केलेले आहे. आणि शेवटी साधनांकडे यावे. शिवभारतातील वर्णन आणि राजारामांच्या काळी जिंजीस लिहिलेल्या सभासद बखरीतील वर्णन शस्त्रांच्या बाबतीत एक नाही. पोलादपुरास ज्याच्या समाधीपाशी खडे मांडले तोच कवी येथे साक्षीस येतो, हे पाहून मुलांस जो आनंद झाला तो वाघनखे पाहूनही झाला नव्हता.

अशाने मुलांची श्रद्धा उडेल, अशी भीती एका मित्राने आम्हांस बोलून दाखविली. आमचा अनुभव उलट आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी जे मूल दगड मारीत हिंडत होते तेच साताऱ्याहून परतताना विचारीत होते की, आपल्या घरच्या तलवारीस काही कागद आहे काय. घरी तलवार आहे हे आम्हांसही तेव्हाच कळले.

लांबच्या संग्रहालयांविषयी थोडके सांगून पुरे करतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, जे १९२२ साली लोकांस खुले झाले, २०१९ पासून मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. महाडकरांस वीर स्थानकावरून आगगाडी मिळते. तथापि एका दिवसात जाऊन येणे लहान मुलांस जड. पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय मुलांस सर्वांत मानवते, कारण तेथे तोफा व तक्ते कमी आणि दिवे, अडकित्ते, भातुकली, दाराच्या चौकटी, वाद्ये अधिक. कवी 'अज्ञातवासी' म्हणून ज्ञात असलेल्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला, लहानपणी वारलेल्या राजा या मुलाचे नाव त्यास दिले, आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू, त्यांतील थोड्याच एका वेळी मांडलेल्या. ही हकीकत आम्ही मुलांस दारातच सांगतो. नंतर नियम एवढाच की, प्रत्येकाने पाच वस्तू निवडावयाच्या, त्यांची चित्रे काढावयाची, बाकीच्या पाहिल्या नाहीत तरी चालेल. एका मुलीने पाचही अडकित्तेच निवडले. आम्ही हरकत घेतली नाही. तिच्या आजीचा अडकित्ता कोणत्या घाटाचा, हे आता तिला ठाऊक आहे.

संग्रहालयांच्या चालकांस एक विनंती करावीशी वाटते. हस्तलिखितांची कपाटे मोठ्या माणसांच्या छातीच्या उंचीवर असतात. मुले टाचा उंच करतात, काचेवर नाक टेकतात आणि मग रखवालदार त्यांस ओरडतो. एखादी पोथी, एखादे शिक्कामोर्तबाचे पत्र दोन हात खाली मांडले, आणि शेजारी त्याचे बालबोध वाचन मोठ्या अक्षरांत लाविले, तर खर्च काही येत नाही.

आता घरच्या रुमालांकडे. सहलींच्या शेवटी, मृगापूर्वीच्या आठवड्यात, आम्ही आमचे स्वतःचे दप्तर मुलांकडून उघडवितो. कोकणात हे दिवस त्यास योग्यच. हवा कोरडी असते व पुढे चार महिने ओल. कागद कडक उन्हात टाकू देत नाही, ओटीवर सावलीत पसरतो. हात धुऊन कोरडे करावयाचे, थुंकी लावून पान उलटावयाचे नाही, पडलेला तुकडा फेकावयाचा नाही, हे तीन नियम मुले आमच्यापेक्षा कसोशीने पाळतात आणि मोठ्यांकडून मोडले गेले तर ओरडतात. पुसून, वेखंडाचे तुकडे कापडाच्या पुरचुंडीत ठेवून रुमाल पुन्हा बांधावयाचे. पुरात भिजलेल्या कागदांचा अनुभव ज्यांस आला त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्टही त्यांस सांगून ठेविली आहे: ओला गठ्ठा घाईने सुटा करू नये, पाने फाटतात; टिपकागदांमध्ये ठेवून सावलीत, वाऱ्यावर सावकाश सुकवावा.

यंदा यादी करण्याचे काम चवदार तळ्यावर प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे होते. तिने वहीत रुमालाचा अंक, कापडाचा रंग, कागदांची संख्या आणि 'यात काय आहे' असे चार रकाने आखले. मोडी तिला येत नाही. शेवटच्या रकान्यात आम्ही सांगू ते ती लिही. सातव्या रुमालातील एका पत्रावर आम्हांस अक्षर लागेना, तेव्हा तिने तेथे 'आजोबांना वाचता येत नाही, पुढे पाहावे' अशी नोंद केली. नोंद अचूक आहे. सर्व रुमाल माडीवर, पुराच्या खुणेहून उंच फळीवर ठेविले असून वही तिच्याच दप्तरात आहे.